रथाखालच्या दोन ओळी

खांबेटेबाईंबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. त्या शारजा सोडून परत गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील, तरी त्यांची आठवण काढायला बसले की आधी राग येतो. थोडा त्यांचाच येतो, कारण त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे रोज आपली एखादी चूक उघडी पडायची. बाकीचा कुणाकुणाचा येतो ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही दोघी दुबईत अल कूझच्या एका गोदामात काम करायचो. बाहेरून नुसतं पत्र्याचं गोदाम, आत मात्र थंडगार, अंधाऱ्या खोल्या आणि त्यांत सपाट खणांची कपाटं. मालक मूळचे मुंबईचे, मराठीच. तीस वर्षांपूर्वी इथे येऊन मालवाहतुकीच्या धंद्यात मोठे झालेले. सगळे त्यांना चेअरमन म्हणायचे. जुनी युरोपीय छापचित्रं जमवायचा त्यांना नाद होता, त्यातही डच. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून छाप उठवायचा, अशी साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची चित्रं. मी त्यांच्या नोंदी ठेवायचे. कुठलं चित्र कधी आलं, कोपरा फाटला आहे का, कुठे डाग आहे. खांबेटेबाई तो फाटका, डागाळलेला कागद दुरुस्त करायच्या.

वय साठीच्या अलीकडे, उंची पाच फुटांच्या आत, कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मिरजेच्या. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. गव्हाच्या पिठातलं सत्त्व काढून त्या स्वतः खळ शिजवायच्या आणि ती तासभर घोटायच्या. बाटलीतली तयार खळ मागवू या, असं मॅनेजर परांजपे एकदा म्हणाले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कागदावरची धूळ काढायला कापसाचा बोळा जिभेवर फिरवून लावायच्या. पाहुण्यांसमोरही. थुंकीइतकं सौम्य औषध बाजारात मिळत नाही, असं वर ऐकवायच्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका उतरायचा की समोरच्याला पुढे वाकून स्वतःची खरडपट्टी ऐकावी लागायची.

आम्ही दोघीही शारजात अल नहदाला राहायचो, दोन टॉवर सोडून. सकाळी सहाला मी गाडी काढायचे आणि बाई फाटकाशी उभ्या असायच्या. पावणेसहापासून. सहा वाजून दोन मिनिटं झाली की मनगटावरचं घड्याळ मला दिसेल असं धरायच्या. दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना माझं चित्रांचं शिक्षण त्या पुढच्या सीटवर झालं. फोनवर एखादं छापचित्र काढून द्यायच्या आणि सिग्नल लाल असेपर्यंत काय दिसलं ते सांगायला लावायच्या.

पहिल्यांदा त्यांनी दाखवलं ते एका डच राजपुत्राचं. राजपुत्र रथात उभा, वरून एक पंखवाली बाई त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट धरते आहे, दुसरी कर्णा फुंकते आहे. पुढे सिंह, त्याच्या पंजात सात बाणांची जुडी. मी वरपासून सांगायला लागले.

"चित्र वरून वाचू नकोस," त्या म्हणाल्या. "वरचं त्यांनी तुला दाखवायलाच काढलंय. खालून वाच."

खाली, चाकांच्या पुढ्यात, एक म्हातारी पडली होती. केसांच्या जागी साप, ओघळलेले स्तन, तोंड वासलेलं. ती मत्सर, बाईंनी सांगितलं. शेजारी मशाल घेतलेली ती दुही. राजपुत्राविरुद्ध ज्यांनी तोंड उघडलं, ते सगळे मिळून या दोन म्हाताऱ्या. मग त्या चिडल्या. न्याय बाई, शांतता बाई, समृद्धी बाई, मत्सर बाई, दुही बाई. सात प्रांतांचा मिळून तो देश, तोही कुंपणाच्या बागेत बसलेली एक कुमारिका. "एवढ्या बायका आहेत चित्रात, पण एकीलाही नाव नाही. नाव फक्त रथातल्याला." मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे सिग्नल हिरवा झालेला मला कळला.

माझी मुलगी इरा तेव्हा नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून एक दिवस तिला गोदामात नेलं होतं. बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं आणि तेच चित्र समोर ठेवून तिची परीक्षा घेतली, मराठीत. इराने बराच वेळ पाहिलं. "व्हाय इज ही सो क्लीन, आजी? एव्हरीवन एल्स इज डूइंग समथिंग." बाई हसल्या. मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. नंतर आठवडाभर त्या मला सांगत होत्या की पुस्तकं वाचून जे त्यांना चाळिशीत उमगलं, ते ही पोर स्टुलावर उभं राहून बोलली.

पण त्यांचा राग चित्रांपुरता नव्हता. एका जुलैमध्ये युरोपातून लाकडी पेट्या आल्या. दुपारचा एक वाजलेला. उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात काम करवून घ्यायला इथे कायद्यानेच बंदी आहे, पण दुसऱ्या दिवशी चेअरमन पेट्या बघायला येणार होते, म्हणून परांजप्यांनी ट्रक उघडायला लावला. चार माणसं उघड्या अंगणात पेट्या उतरवायला लागली. बाई बाहेर आल्या. ट्रकच्या फळीवर चढल्या आणि पेटीवर बसल्या. परांजपे आधी हसले, मग गयावया करायला लागले. मी छत्री घेऊन गेले तर मला परत पाठवलं. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा तांब्यासारखा झाला. शेवटी परांजप्यांनी ट्रकला ताडपत्री टाकायला लावली आणि माणसांना आत पाणी प्यायला पाठवलं, तेव्हा त्या उतरल्या. उतरताना परांजप्यांना एवढंच म्हणाल्या की चित्रं चारशे वर्षं थांबलीत, तीन तास आणखी थांबतील.

परांजपे वाईट माणूस नव्हते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. आता सांगत नाही.

त्या पेट्यांतच ते मोठं चित्र होतं. टेबलाएवढं, दोन कागद जोडून केलेलं. पुन्हा रथ, पुन्हा राजपुत्र, पंखवाली, बाणांचा सिंह आणि खाली त्या दोन म्हाताऱ्या, घोडे सहा. बाईंनी त्याच्यावर दोन महिने काम केलं. एके सकाळी मला बोलावून हातात भिंग दिलं आणि राजपुत्राच्या डोक्याभोवती बघायला सांगितलं. आकाशाच्या आडव्या रेघा डोक्याजवळ येताना बारीक होत होत्या, मधेच तुटत होत्या, आणि डोक्याभोवती फिकट वळं दिसत होतं. मला ते तेजोवलय वाटलं.

"तेज नाही," त्या म्हणाल्या. "इथे तांबं घासलंय. आधी दुसऱ्याचं डोकं होतं."

एक सत्ताधीश गेला की छापणारा नवा पत्रा कोरत बसत नसे. जुन्याचा चेहरा घासून सपाट करायचा आणि तिथे नव्याचा कोरायचा. अंगरखा तोच, घोडे तेच. असं अनेकदा व्हायचं हे बाईंना वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या टेबलावर त्यांनी ते पहिल्यांदा पकडलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट खाली होती. चित्राच्या खालच्या समासात, चाकांच्या बरोबर खाली, तपकिरी पडलेल्या शाईने हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. बाईंनी त्यांचा फोटो हॉलंडमधल्या एका ओळखीच्या अभ्यासकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं की लिखाण त्याच काळातलं दिसतं, आणि अर्थ साधारण असा, की रथातला बदलला, चाकाखाली अजून आम्हीच. लिहिणारा कोण होता कुणास ठाऊक. चित्र विकत घेतलेला एखादा दुकानदार असेल, शाळामास्तर असेल. त्या दिवशी बाईंनी दुपारचा डबा उघडला नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की एवढ्या कपाटांमध्ये स्तुती नसलेल्या ह्या दोनच ओळी आहेत, नीट नोंद कर. मी केली. शब्दन् शब्द उतरवून, भाषांतरासकट.

चेअरमन चित्र बघायला आले तेव्हा बाईंनी त्यांना हे सगळं सांगितलं. शिकलेली माणसं दुसऱ्याला काही दाखवताना जशी बेसावध होतात, तशा त्या बोलत होत्या. चेअरमन फार अदबीने ऐकत होते. भिंगातून डोकं पाहिलं, मान हलवली. आणि म्हणाले, "म्हणजे डोकं बदलायची परंपराच आहे म्हणा."

कंपनीला पंचवीस वर्षं होत होती. त्यांच्या मनात तिथल्या तिथे आलं की ह्या चित्राची हुबेहूब प्रत काढायची, राजपुत्राच्या जागी आपला चेहरा बसवायचा, आणि ती समारंभात सगळ्यांना भेट द्यायची. मूळ चित्र हेड ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये लावायचं. फक्त खालचं ते खरडलेलं तेवढं पुसून घ्या मॅडम, लोकांना डाग वाटतो.

बाईंनी नाही म्हटलं. आवाज इतका खाली होता की चेअरमन "काय?" म्हणून पुढे वाकले. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं.

नंतरचे तीन आठवडे परांजपे रोज त्यांच्या टेबलाशी यायचे. बाई, यल्ला, आटपा, दोन ओळींचा प्रश्न आहे, करून टाका आणि खलास. बाई त्यांना समजावून द्यायच्या की ही लोखंडाची शाई आहे, कागदात उतरलेली आहे, धुतली तर कागद फुलेल, आणि कागद फुलला नाही तरी त्या धुणार नाहीत. गाडीत त्या स्वतःवर चिडायच्या. मीच त्याला सांगितलं, म्हणायच्या, माझ्याच तोंडाने त्याला डोकं बदलायला शिकवलं.

आता माझं. समीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी त्याच महिन्यात गेली होती. तो आणि इरा, दोघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आला होता. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी परांजप्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, समीरची चौकशी केली, इराच्या शाळेची केली. मग माझ्याच नोंदीचा कागद पुढे ठेवला. 'खालच्या समासात समकालीन हस्तलिखित मजकूर' ही ओळ, खालच्या उताऱ्या-भाषांतरासकट, काढून तिथे 'शाईचा डाग' एवढंच लिहायचं होतं. नोंदलेला मजकूर पुसायला बाईंची सही लागली असती, डाग काढायला कुणाची परवानगी लागत नाही. मी लिहिलं. सही केली. ह्या सगळ्याला अर्धा मिनिट लागला असेल. बाहेर आले तेव्हा बाई खळ घोटत होत्या आणि त्यांनी मान वर करून मला विचारलं की एसी वाढवायला सांगितलंस का. मी हो म्हटलं.

शनिवार-रविवारच्या सुट्टीत बाहेरचा माणूस आणून चित्र धुतलं गेलं. सोमवारी बाईंनी खण उघडला. खालचा समास पांढराफटक पडला होता, आणि ओळींच्या जागी कागद भिजलेल्या पापडासारखा सुटलेला होता. त्या ओरडल्या नाहीत. दिवे घालवले, अल्ट्राव्हायोलेटचा दिवा लावला. त्या निळ्या उजेडात अक्षरं अजून दिसत होती, काळसर, पुसट. त्यांनी एकेका शब्दाचे फोटो काढले. मग फाइल मागितली, माझ्याकडूनच, आणि उभ्याउभ्या माझी नोंद वाचली. फाइल मिटून मला परत दिली.

संध्याकाळी मला वाटलं आता त्या टॅक्सीने जातील. त्या गाडीपाशी आल्या आणि मागचं दार उघडून मागे बसल्या. त्यानंतर नऊ दिवस त्या मागे बसत होत्या. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी साडेपाच ते सात, कधी आठ. एक शब्द नाही. आरशात बघितलं की त्यांचा कपाळाकडचा अर्धा चेहरा दिसायचा. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटू नये हेच त्यांना हवं होतं असं मला तेव्हा वाटे. मी त्यांच्यावर चिडायचे. त्यांच्या घरी त्यांच्यावर विसंबून दोन माणसं बसलेली नाहीत, एकट्या आहेत, त्यांना काय होतंय नाही म्हणायला. हे मी मनात सारखं म्हणत असे. आज ते लिहायची लाज वाटते, पण म्हणत होते.

दहाव्या दिवशी समारंभ. एका हॉटेलच्या हॉलमध्ये, दुपारी चारला. ऑफिसची माणसं, त्यांची कुटुंबं, गोदामातली आणि ट्रकवरची निवडक माणसं मागच्या रांगांत. बाई येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या, काळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. पडदा सरकला. रथात चेअरमन उभे, चष्मा काढलेला, त्यांच्या डोक्यावर मुकुट धरलेली तीच पंखवाली. सिंहाच्या पंजात सात बाणांऐवजी कंपनीच्या सात शाखांची चिन्हं. खाली त्या दोन म्हाताऱ्या मात्र होत्या तशाच. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि माझ्या शेजारी इराने वाजवल्या, कारण मी वाजवत होते.

चेअरमनना आपण फार उदार आहोत हे दाखवायची हौस होती. त्यांनी माइकवर सांगितलं की ह्या चित्रामागची कल्पना आमच्या खांबेटे मॅडमची, आणि त्यांना पुष्पगुच्छ घ्यायला वर बोलावलं. बाई गेल्या. पुष्पगुच्छ घेतला नाही, माइक घेतला.

"मूळ चित्राखाली कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "रथातला बदलला, चाकाखाली अजून आम्हीच, असा त्यांचा अर्थ. त्या पुसल्या. मी पुसल्या नाहीत. तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा." मग हेच त्यांनी हिंदीतून सांगितलं, मागच्या रांगांकडे बघून, जरा सावकाश. माइक परांजप्यांच्या हातात दिला आणि खाली उतरल्या.

मागून एकाने टाळी वाजवली, एकदाच, आणि थांबला. मग गाणं लावलं गेलं.

त्या संध्याकाळी त्या माझ्या गाडीत पुढे बसल्या. इरा मागे झोपली. शारजाची हद्द आली.

"तू डाग लिहिलंस," त्या म्हणाल्या.

मी समीरचं सांगायला लागले, व्हिसाचं.

"ते मला माहीत आहे. मला कळलंय तू का लिहिलंस. कळलंय म्हणून माफ केलंय असं समजू नकोस."

फाटकाशी उतरताना त्यांनी इराच्या अंगावरची ओढणी सारखी केली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दाराला त्यांचं कार्ड लागलं नाही. माझं लागलं आणि मी आत गेले. त्यांची हत्यारं परांजप्यांनी एका खोक्यात भरून बाहेर पाठवली. ब्रश उलटे, केसांवर उभे कोंबले होते. मी ते पाहिलं आणि पुन्हा भरले नाहीत. व्हिसा रद्द झाला, महिन्याच्या आत त्यांना जावं लागणार होतं. मी तिथे आणखी सात महिने नोकरी केली. समीरला काम मिळालं आणि मग सोडली. लोक म्हणतात, तू तरी काय करणार होतीस. हे ऐकलं की मला त्या लोकांचाही राग येतो.

त्यांचं विमान शारजाहून दुपारचं होतं. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. एअरपोर्टच्या दारातच सामान तपासायचं यंत्र आहे. बाईंच्या बॅगेत हत्यारं दिसली म्हणून तिथल्या तरुण पोलीस बाईने ती उघडायला सांगितली. बाईंनी टेबलावर कापडाची गुंडाळी पसरली. चाकू, चिमटे, हाडाची पट्टी, बारीक मोठे बारा-चौदा ब्रश. त्या मुलीने एक ब्रश उचलला आणि त्याचे केस बोटाने दाबून पाहिले. बाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांनी हिंदीत तिला काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. त्या मुलीने हात काढून घेतला, खिशातून हातमोजे काढून घातले आणि ब्रश दांडीला धरून परत ठेवला. मग दुसरा उचलला आणि हा कशासाठी, असं विचारलं असावं, कारण बाई सांगायला लागल्या. हवेत रेघ ओढून दाखवत होत्या. मुलगी वाकून ऐकत होती. मागे रांग वाढली होती, कुणी तरी यल्ला यल्ला करत होतं.

बाईंनी एकेक ब्रश पुसून आपापल्या खाचेत सरकवला. घाई केली नाही. गुंडाळी बांधली, बॅगेची चेन लावली, ट्रॉली सरळ केली. मी खांबापाशी उभी होते. त्यांनी मला पाहिलं. नक्की पाहिलं. मग ट्रॉली ढकलत त्या काउंटरकडे चालू लागल्या.